बैलाचे दात आणि विजेची मोटार

बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्याला बैल कसा घ्यावा हे शिकवावे लागत नाही. आधी दात पाहायचे, मग चालवून बघायचे, मग भावाची गोष्ट. जुन्या मोटारीलाही त्याने हीच रीत लावली. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तसल्या मोटारींचा धूर पाहून आणि इंजिनाचा आवाज ऐकून मिस्त्री त्यांचे वय सांगत.

आता बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात विजेवरच्या तीनचाकी बनतात आणि जुन्या विजेच्या मोटारीही विकायला येऊ लागल्या आहेत. यांना ना धूर, ना आवाज. मग दात पाहायचे कुठे? तर बॅटरीत.

हा धडा जुनाच आहे बरं का! २००१ साली बंगळुरात ‘रेवा’ ही छोटी विजेची मोटार निघाली. अंग प्लॅस्टिकचे, त्यामुळे गंज नाही. पण शिशाच्या ८ बॅटऱ्या काही वर्षांतच थकत. गाडी दिसे नव्यासारखी आणि पल्ला मात्र आटलेला! हीच गाडी ब्रिटनमध्ये ‘जी-विझ’ नावाने विकली गेली. कायद्याने ती पुरती मोटार नव्हती, म्हणून मोटारींना सक्तीच्या असलेल्या धडक-चाचण्या तिला लागू नव्हत्या. २००७ साली एका नियतकालिकाने ती धडकवून पाहिली, तेव्हा आतल्या माणसाची धडगत नाही असे दिसले.

पुढे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. त्या जास्त टिकतात. तरीही २०२२ मध्ये पुण्यासह अनेक ठिकाणी विजेच्या स्कूटरींनी पेट घेतला. त्यानंतर सरकारने दुचाकी आणि मोटारी, दोहोंच्या बॅटऱ्यांचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक केले. म्हणून जुनी गाडी घेताना आधी ती केव्हा बनली ते विचारा.

मग बॅटरीची शक्ती किती उरली, याचा कंपनीच्या केंद्रातला दाखला मागा. हमी पुष्कळदा ८ वर्षांची असते. पण काही हमी पहिल्या मालकापुरतीच असते, ते कागदावर वाचा. गाडी कधी पुराच्या पाण्यात उभी होती का, याची चौकशी करा. बॅटरीची पेटी खालून ठेचलेली नाही ना, हेही पाहा.

आणि शेवटी पूर्ण चार्ज करून बारामतीहून सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूर गाठा आणि परत या. जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर होतात. घरी पोचल्यावर काट्यावर काय उरले, ते पाहा. विकणारा एवढी फेरी मारू देत नसेल, तर समजा, तो बैलाचे तोंड उघडू देत नाही.