तंजावरची मराठी : दरबारची आणि घरची

आपल्या तंजावरी मराठीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे राजे व ग्रंथ यांचे स्मरण प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. इ. स. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची सत्ता स्थापिली. कारभाराच्या निमित्ताने अनेक देशस्थ कुटुंबे कावेरीकाठी स्थिरावली. शहाजीराजांनी (१६८४–१७१२) मराठीत नाटके रचली. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले ते १८४३ साली. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसलेवंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले. १८०५ मध्ये सरफोजीराजांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला, आणि त्यातून इसापच्या नीतिकथा मराठीत बाहेर पडल्या. पुण्यात तेव्हा पेशवाई नांदत होती व मराठी पुस्तके छापण्याचा उद्योग तेथे सुरूही झाला नव्हता.

एवढी साधने हाताशी असता आपल्या घरांतील मराठी क्षीण का व्हावी? याचे उत्तर असे की, शिळा, पोथी व खिळे यांनी जपली ती दरबारची मराठी. स्वयंपाकघरात, ओसरीवर, लग्नकार्यात जी बोलली जाई, जिच्यात जुने मराठी शब्द टिकले आणि तमिळचे शब्द व वाक्यांची वळणे सहज मिसळली, ती छापावी असे कोणासही वाटले नाही. १८५५ साली राज्य खालसा झाले आणि भाषेचा राजाश्रय संपला. मुले तमिळ व इंग्रजी शिकू लागली. पुष्कळ घरांत मराठी बोलता येई, पण लिहिता येत नसे. पुढे मुंबई-पुण्याच्या छापखान्यांनी व शाळांनी मराठीचे एक प्रमाण रूप सर्वत्र रूढ केले. त्याने मराठी वाङ्मयाचे मोठे हित झाले. परंतु त्या मापाने मोजता आपली बोली अशुद्ध ठरली, आणि पाहुण्यांसमोर ती बोलण्याचा आपल्यालाच संकोच वाटू लागला.

आज छापखान्याची जागा संगणक व भ्रमणध्वनी यांनी घेतली आहे. २०१४ साली मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. सरस्वती महालातील दप्तरांच्या दृष्टीने ही समाधानाची गोष्ट होय. परंतु लिपी वाचली म्हणून बोली वाचत नाही. यंत्र जे त्यास दिले जाते तेवढेच राखते. सरफोजीराजांच्या छापखान्यास आपल्या आज्यांची बोली कोणी दिली नाही, म्हणून ती त्याने राखली नाही.

ती उणीव आता प्रत्येक घरास भरून काढता येईल. वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी, म्हणी, नात्यांची संबोधने, पदार्थांची नावे व कृती त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवाव्यात. उच्चार सुधारू नयेत. मात्र नोंदलेला आवाज भाषेची आठवण तेवढी राखील. भाषा जगवावयाची तर नातवंडांशी तीतच बोलले पाहिजे. दोनशे वर्षे राजाश्रयाने जे साधले नाही, ते आजवर घराने साधले आहे. यापुढेही तेच साधू शकेल.