आठ लाख उंदरांची साक्ष

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह. वर्गात मीही तेच शिकवितो. पण आज फराळाच्या ताटाशी बसलेल्या मंडळींना मी उंदरांची बखर सांगणार आहे. हसू नका, तिच्यात आपल्या नातवंडांचा प्रश्न आहे.

१९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबाँब पडले. किरणांनी माणूस मरतो हे जगाने पाहिले. पण जो वाचला, त्याच्या पुढच्या पिढीत काय उतरेल? क्ष-किरणांनी फळमाशीच्या वंशात बदल घडतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ सालीच दाखविले होते. पण माशी ती माशी! म्हणून १९४७ साली अमेरिकेत ओक रिज येथे विल्यम रसेल आणि त्यांच्या पत्नी लिआन यांनी उंदरांवर प्रयोग मांडला.

युक्ती साधी होती. सहा रंगांचे व एक आखूड कानाचा, असे सात दबणारे गुण मादीत ठेवायचे. नर निरोगी असला की पिल्लांत ते झाकले जातात. नराच्या त्या सातांपैकी एखाद्या जनुकात बिघाड झाला, तर पिल्लू वेगळ्या रंगाचे किंवा आखूड कानाचे निघते.

अशी पिल्ले किती? किरण न दिलेल्या नरांच्या ८,०१,४०६ पिल्लांत अवघी ४३; साडेअठरा हजारांत एखादे. आता हिशेब करा. दहा-दहा हजार पिल्लांचे दहा गट तपासले, तर पाच-सहा गटांत एकही सापडणार नाही. एखाद्या द्रव्याने हे प्रमाण दुप्पट केले, तरी तीन-चार गट कोरेच राहतील! शिवाय बिघाड बापाच्या बीजपेशींत फार लवकर झाला, तर त्याची अनेक पिल्ले एकदम तशीच निघतात. मग तो बिघाड एकदा मोजायचा की अनेकदा?

धक्का जबर असेल, तर थोडे उंदीर पुरतात. १९७९ साली रसेल यांनी इथिलनायट्रोसोयुरिया हे रसायन टोचलेल्या नरांच्या ७,५८४ पिल्लांत ३५ बदल मोजले. पण तेवढेच किरण हळूहळू दिले तर नरांत बिघाड कमी होतो, हा १९५८ सालचा निष्कर्ष काढायला पिल्लांचे ढीग मोजावे लागले.

आपल्या वाट्याला बहुधा बारीक धक्केच येतात. तेव्हा वाचकहो, ‘तपासले, काही आढळले नाही’ असे कुणी सांगितले, तर एवढेच विचारा: किती तपासलेत?