सिगारेट सोडवणाऱ्या लेझरची कुळकथा

सिगारेट सोडवण्यासाठी वापरला जाणारा लेझर कापत नाही आणि भाजतही नाही. काही मिलीवॉटचा तांबडा किंवा अवरक्त किरण कान, चेहरा आणि हातावरच्या ठरावीक बिंदूंवर थोडा वेळ धरला की तलफ मरते, असा या उपचाराचा दावा आहे.

यंत्राची वंशावळ सरळ आहे. थिओडोर मैमन यांनी 1960 मध्ये कॅलिफोर्नियात पहिला लेझर चालवला. 1967 मध्ये बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर क्षीण लेझर सोडला, तेव्हा त्या जागी केस लवकर उगवले. सौम्य लेझरचे जनकत्व मेस्टर यांना दिले जाते आणि ते रास्तच आहे, पण व्यसनाशी त्यांचा संबंध नव्हता. किरण कुठे धरायचा, हे त्यांच्या उंदरांनी सांगितलेले नाही.

जाहिराती त्यासाठी हजारो वर्षांच्या चिनी परंपरेकडे बोट दाखवतात. हे मूळ मानणे कठीण आहे. तंबाखू अमेरिकेतली वनस्पती. ती चीनमध्ये पोचली सोळाव्या शतकात. कानाचा उल्लेख जुन्या चिनी ग्रंथांत आहे हे खरे, पण आज वापरला जाणारा कानाचा नकाशा बराचसा फ्रेंच आहे. लियाँचे डॉक्टर पॉल नोजिए यांना 1950 च्या दशकात सायटिकाच्या काही रुग्णांच्या कानांवर डागणीचे व्रण दिसले. एका वैदूबाईने कानावर डाग दिला आणि कळ थांबली, असे ते रुग्ण सांगत. त्यावरून नोजिए यांनी कानात उलट्या गर्भाची आकृती कल्पिली आणि शरीराचा प्रत्येक अवयव कानावर मांडला. 1958 मध्ये हा नकाशा चिनी भाषेत गेला आणि पुढे अस्सल चिनी म्हणून जगभर फिरला.

तरीही नोजिए यांचा नकाशा दुखण्यासाठी होता. व्यसन त्यात शिरले ते हाँगकाँगमध्ये, आणि या उपचाराचे खरे मूळ तिथेच मानायला हवे. 1972 मध्ये क्वाँग वा रुग्णालयातले मेंदूशल्यविशारद एच. एल. वेन भुलीऐवजी सुया व वीजप्रवाह वापरून पाहत होते. अफूचे व्यसन असलेल्या एका रुग्णाला सुयांतून वीज दिल्यावर अफू न मिळाल्याने होणारा त्रासच थांबला. शस्त्रक्रिया बाजूला राहिली आणि वेन व्यसनाकडे वळले. 1973 मध्ये त्यांनी 40 व्यसनी रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी निवडलेला कानातला बिंदू फुप्फुसाचा होता. सिगारेटसाठीही तोच बिंदू पुढे आला, यात नवल नाही.

न्यूयॉर्कच्या लिंकन रुग्णालयातल्या व्यसनमुक्ती केंद्राने ही पद्धत उचलली. मायकेल स्मिथ यांच्या हाताखाली तिथे कानातल्या पाच बिंदूंची घडी बसली आणि 1985 मध्ये तिच्या प्रसारासाठी संघटनाही निघाली. फुप्फुस या पाचांत आहेच.

सुईच्या जागी किरण का आला, याचे उत्तर बहुधा साधे आहे: सुईची भीती, आणि एड्सच्या काळात रक्ताची भीती. शिवाय त्वचा न टोचणारे यंत्र चालवायला फारसे कौशल्य लागत नाही, त्यामुळे धंद्यालाही ते सोयीचे.

किरणाने एंडॉर्फिन हे शरीराचे स्वतःचे वेदनाशामक द्रव्य स्रवते आणि ते निकोटिनची उणीव भरून काढते, असे स्पष्टीकरण दिले जाते. ही कल्पनाही सुईच्या संशोधनातून उसनी घेतलेली आहे. 1970 च्या दशकात सुयांनी वेदना का शमतात, हे शोधताना ती पुढे आली. वेदनेवरचा निष्कर्ष तलफेला लावणे ही मोठी उडी आहे. सिंगापूरमध्ये 330 किशोरवयीन धूम्रपान करणाऱ्यांवर झालेली चाचणी 2000 मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी खऱ्या लेझरच्या गटातल्या 24.8 टक्के मुलांनी सिगारेट सोडलेली होती, तर खोट्या लेझरच्या गटातल्या 26.2 टक्के. अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2014 च्या कॉक्रेन आढाव्यालाही लेझरच्या बाजूने खात्रीलायक पुरावा मिळाला नाही.

वंशावळ कितीही रंजक असली, तरी सिगारेट सोडण्यासाठी आज पुरावा आहे तो निकोटिनचे पॅच व च्युइंगम, व्हॅरेनिक्लिनसारखी औषधे आणि समुपदेशन यांच्या बाजूने. भारतात समुपदेशनासाठी 1800-11-2356 हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे.