रॉड तुटण्याआधीचे सव्वीस तास

हा घटनाक्रम एका ठरावीक गाडीचा नाही. झिजलेल्या बेअरिंगचं जुनं इंजिन कोणत्या पायऱ्यांनी संपतं, त्या पायऱ्या इथे बडोद्यातलं कारेलीबाग ते पालेज या रस्त्यावर मांडल्या आहेत. गाडी चार सिलिंडरची, पेट्रोलची, एक लाख ऐंशी हजार किलोमीटर चाललेली. महिना मे. रविवारी सुरतला घरातला साखरपुडा आहे आणि गाडीत चौघं जाणार आहेत.

शनिवार, सकाळी ८:२५. उरले २६ तास

अमितनगर सर्कलजवळच्या गल्लीत किल्ली फिरते. दोन सेकंद खडखडाट होतो आणि मग सगळं शांत. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. पंप ते पुन्हा वर चढवेपर्यंत भाग कोरडे वाजतात. एखाद्या सकाळी असं झालं तर ऑइल फिल्टरची झडप गळत असेल. रोज व्हायला लागलं तर ऑइल कमी आहे, पातळ झालं आहे किंवा आतलं काही झिजलं आहे.

आत्ता डिपस्टिक काढून, पुसून, पुन्हा बुडवून पाहिली असती तर ऑइल खालच्या खुणेपर्यंतही पोचलेलं दिसलं नसतं. बहुतेक गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं. जुनं इंजिन डोळ्यांना धूर न दाखवताही ऑइल जाळतं. ऑइल बदलण्याची तारीख लक्षात राहते. मधल्या काळात पातळी बघायची राहून जाते.

दुपारी १२:३०. उरले २२ तास

व्हीआयपी रोडवर सिग्नलला गाडी उभी आहे. इंजिन पुरतं तापलेलं. आता आवाज वेगळा आहे: खालून येणारी, जड ठक-ठक. एसी बंद करून पाहिला तरी ती थांबत नाही, म्हणजे संशय कॉम्प्रेसरवर राहत नाही.

निदानातला सर्वांत मोठा धागा इथेच हाती येतो. थंड इंजिनात वाजणारं आणि तापल्यावर कमी होणारं काही असेल, तर बहुधा पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो आहे. अशी गाडी बराच काळ चालू शकते. तापल्यावर वाढणारा आवाज मात्र क्रँककडे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या तळाच्या दांड्याकडे, बोट दाखवतो. तापलेलं ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या बेअरिंगमधली फट त्याला भरून काढता येत नाही.

संध्याकाळी ५:३०. उरले १७ तास

गॅरेज. कारीगर घाई करत नाही. आधी गाडीखाली वाकून सायलेन्सरवरचा पत्रा हलवून बघतो, कारण सैल पत्र्याच्या खडखडाटाने पुष्कळ इंजिनं विनाकारण उघडली गेली आहेत. मग क्षणभर बेल्ट काढून इंजिन चालवतो. आवाज तसाच. अल्टरनेटर, टेन्शनर, पुली सगळे संशयातून सुटले.

मग लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावतो. वर, टॅपेट कव्हरवर, नुसती हलकी टिकटिक. ती क्रँकच्या निम्म्या वेगाने येते, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. खाली चेंबरजवळ मात्र प्रत्येक फेरीला ठोका. शेवटची चाचणी म्हणजे एकेका प्लगची वायर काढणं. पहिली काढली, आवाज तोच. दुसरी, तोच. तिसरी काढताच ठोका दबतो. त्या सिलिंडरमध्ये आता स्फोट होत नाही, म्हणून त्याच्या कनेक्टिंग रॉडवर दाब येत नाही, म्हणून फट वाजत नाही.

“काका, आ अवाज नीचेनो छे,” कारीगर गुजरातीत सांगतो. म्हणजे आवाज खालचा आहे. तिसऱ्या रॉडचं बेअरिंग. चेंबर उतरवावा लागेल, बेअरिंग बदलावं लागेल, क्रँकवर ओरखडे नसतील तर काम तेवढ्यावर निभावेल. दोन दिवस लागतील. तोवर गाडी हलवू नका.

पण साखरपुडा उद्या आहे.

संध्याकाळी ७:००. उरले साडेपंधरा तास

दुकानातून जाड ऑइल येतं आणि पातळी वर जाते. ठक-ठक जवळजवळ नाहीशी होते, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. या रात्रीतली सर्वांत घातक गोष्ट म्हणजे हे समाधान. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली निरोगी फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते. जाड ऑइल वाढलेल्या फटीतला ठोका मऊ करतं, गेलेला धातू परत आणत नाही. आवाज गेला, बिघाड राहिला. आणि आता तो ओळखण्याची खूणही गेली.

रविवार, सकाळी ९:१०. उरला सव्वा तास

गोल्डन चोकडी, कपुराई, तरसाली मागे पडतात. जांबुव्याच्या अरुंद पुलापाशी नेहमीची कोंडी आहे. एसी चालू, इंजिन मंद गतीवर, ऊन वाढत चाललेलं. डॅशबोर्डवर ऑइलच्या डब्याचा लाल दिवा एकदा लुकलुकतो. गाडी पुढे सरकताच विझतो.

हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. आणि तो दाब जवळजवळ संपल्यावरच पेटतो. म्हणून लाल दिव्याचा अर्थ एकच: गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा, पुन्हा सुरू करू नका. टोइंगची गाडी इथे बोलावली असती तर इंजिन अजूनही दुरुस्त होण्याजोगं होतं.

सकाळी ९:५०. उरली ३५ मिनिटं

पोर ओलांडल्यावर रस्ता मोकळा मिळतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेतं आहे, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक फेरीत रॉड एकदा खेचला जातो, एकदा दाबला जातो, आणि दर वेळी वाढलेल्या फटीत आपटतो. काचा बंद आहेत. टायरचा आणि वाऱ्याचा आवाज इंजिनच्या वर चढला आहे.

माणसाच्या कानाची हीच मर्यादा पुढे सॉफ्टवेअरने भरून काढावी लागली. २०१५ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत २०११ आणि २०१२ सालच्या सुमारे ४,७०,००० सोनाटा परत बोलावल्या. क्रँक घडवताना उरलेले धातूचे कण बेअरिंगकडे जाणारं ऑइल अडवत होते. नंतर कंपनीने अशा इंजिनांसाठी एक सॉफ्टवेअर आणलं. ते नॉक सेन्सरमधून बेअरिंगची कंपनं ओळखतं, दिवा लुकलुकवतं आणि गाडीची ताकद कमी करतं. कारेलीबागच्या या जुन्या गाडीत तसं काही नाही. तिच्यासाठी ते काम काल संध्याकाळी कारीगराच्या कानाने केलं होतं.

सकाळी १०:१५. उरली १० मिनिटं

करजण मागे पडलं. ठोका आता काचेआडूनही ऐकू येतो. लाल दिवा पेटतो आणि पेटलेलाच राहतो. “भरूचला थांबून बघू.”

सकाळी १०:२५

पालेजच्या अलीकडे बेअरिंग क्रँकला चिकटून फिरतं. रॉडचा बोल्ट तुटतो, सुटलेला रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो. गरम ऑइल सायलेन्सरवर पडून धूर होतो. इंजिन जाम. स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला बूस्टरची मदत आता एखाद-दोन दाबांपुरतीच उरली आहे. मागून ट्रक येत आहेत आणि गाडीत चार माणसं आहेत. गाडी कशीबशी कडेला लागते.

त्यानंतर

इंजिन उघडल्यावर कारण सापडतं. चेंबरमधली ऑइलची जाळी काळ्या गाळाने अर्धी बुजलेली आहे; कमी पातळीने सुरू केलेलं काम तिने पुरं केलं. इतर बेअरिंगांवरचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसू लागलं आहे. जे काम बेअरिंगच्या एका जोडीवर भागलं असतं, त्याला आता ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन सगळंच लागेल. इतक्या जुन्या गाडीवर तो खर्च करायला फार थोडे लोक तयार होतात.

जुन्या गाडीचा आवाज म्हणजे लगेच इंजिनचा खर्च असं नाही. कित्येकदा पत्रा किंवा पुलीच निघू शकते. पण ते ठरवायला तपासणी लागते. कारीगराकडे जाताना चार गोष्टी सांगा: आवाज थंड असताना येतो की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, वेगाबरोबर वाढतो का, आणि ऑइल शेवटचं कधी पाहिलं. आणि तो खालचा आवाज आहे असं म्हणाला, तर किल्ली त्याच्याकडे ठेवून या. बडोद्याहून सुरतला दिवसभर रेल्वेगाड्या आहेत.