इंजिनातले पाणी आणि हेड गॅस्केट

पेट्रोल इंजिनात इंधन जळते तेव्हा त्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढीच उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली धातूत मुरते. ही मुरलेली उष्णता काढून घेण्यासाठी सिलिंडरभोवती पाणी ठेवण्याची युक्ती निदान मोटारीइतकी तरी जुनी आहे. पाणी कमी होण्याची कटकटही तितकीच जुनी.

कार्ल बेन्झच्या 1886 च्या तीनचाकी गाडीला रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवतीचे पाणी उकळायचे, वाफ होऊन उडून जायचे आणि वरून नवे ओतावे लागायचे. ऑगस्ट 1888 मध्ये बेर्टा बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला याच धर्तीच्या गाडीने गेल्या. शंभरेक किलोमीटरच्या त्या वाटेवर इंधन विस्लोखच्या औषधाच्या दुकानात मिळाले. पाणी मात्र दिसेल तिथून पुन्हा पुन्हा भरावे लागले. अशा गाडीत पाणी घटणे हा बिघाड नव्हता, ती चालायची रीतच तशी होती. पाणी बंद फेऱ्यात फिरू लागल्यावर घटलेल्या पाण्याचा हिशेब मागता येऊ लागला. विल्हेल्म मायबाखने 1900 च्या अखेरीस 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात 8,070 बारीक चौकोनी नळ्या एकमेकींना झाळलेल्या होत्या. थोड्या पाण्यात इंजिन थंड राहू लागले आणि त्याबरोबर गळायला हजारो सांधेही मिळाले.

हेड गॅस्केटची गोष्ट याच काळात, पण निराळ्या गरजेतून सुरू झाली. पुष्कळशा सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडर आणि त्याचे डोके, म्हणजे हेड, एकाच ओतीवात असे, उपड्या घातलेल्या बाटलीसारखे. आत काजळी धरली की ती खरवडण्यासाठी सगळे सिलिंडरच उचलून काढावे लागत, आणि त्या वेळच्या इंधनावर काजळी लवकर धरे. फोर्डने 1908 च्या मॉडेल टी मध्ये डोके वेगळे ओतून ते बोल्टांनी सिलिंडरांच्या ब्लॉकवर आवळले, मध्ये तांबे आणि अॅस्बेस्टॉसचा पातळ पत्रा घातला. हीच हेड गॅस्केट. शेतकऱ्यालाही घरच्या पान्यांनी इंजिन उघडता येऊ लागले. सोय मोठी होती. तिची किंमत म्हणजे तो सांधा. बेंटलेच्या तीन लिटरच्या गाडीने आणि बुगाटीच्या शर्यतीच्या गाड्यांनी अखंड डोकेच ठेवणे पसंत केले. अमेरिकेतले ऑफेनहाउझर हे शर्यतीचे इंजिन तर 1970 च्या दशकापर्यंत तसेच राहिले. जिथे गॅस्केटच नाही तिथे उडणार काय, हा त्यांचा हिशेब होता. मात्र झडपांचे काम निघाले की मिस्त्रीचा घाम निघे.

गॅस्केटच्या वाट्याला आलेले काम विचित्र आहे. एकाच पत्र्याने आग, पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवायचे. आगीचा दाब क्षणभर का होईना, वातावरणाच्या पन्नासपट आणि त्याहून वर जातो. शेजारच्या भोकातल्या पाण्याचा दाब जेमतेम एक-दोनपट. त्यात ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असेल, तर अॅल्युमिनियम तेवढ्याच उष्णतेने बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. अर्धा मीटर लांबीचे हेड ऐंशी अंशांनी तापले, तर दोघांच्या वाढीत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. गाडी सुरू करून बंद केली की प्रत्येक वेळी गॅस्केट या दोन पृष्ठांमध्ये घासली जाते.

मॉडेल टी मध्ये पहिल्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली येई. पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की हा फेरा तुटे, म्हणजे थोडीशी गळतीही इंजिन उकळायला पुरे. त्यामुळे रेडिएटरच्या झाकणावर बसवायचा बॉइसचा तापमापक 1910 च्या दशकात लोकप्रिय झाला. चालकाला समोरच्या काचेतून तो दिसे. गाडी तापते आहे हे वाफेआधी सांगणारे बहुधा हे पहिलेच साधन. पुढे पंप, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) आणि दाब धरणारे झाकण आले. दाब वाढला की उकळबिंदू वर जातो. वातावरणाइतकाच जादा दाब दिला तर साधे पाणी 120 अंशांच्या आसपास उकळते. इंजिन अधिक तापमानावर बिनधोक चालू लागले, पण पूर्वी थेंबथेंब पाझरणारी फट आता पिचकारी मारू लागली.

थंड देशांत पाणी गोठून ब्लॉक फुटे, म्हणून त्यात मद्यार्क किंवा ग्लिसरीन मिसळत. मद्यार्क तापल्यावर उडून जाई. अमेरिकेत 1927 मध्ये प्रेस्टोन या नावाने एथिलीन ग्लायकॉल बाजारात आले; ते सहजी उडत नाही आणि गोठणबिंदू खूप खाली नेते. महाराष्ट्रात पाणी गोठायचा प्रश्न नव्हता, म्हणून कूलंट ही चैन मानली गेली आणि रेडिएटरमध्ये नळाचे किंवा विहिरीचे पाणी गेले. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये हा त्याचा दुसरा आणि इथे अधिक मोलाचा गुण दुर्लक्षित राहिला. जड पाण्यातल्या क्षारांचा थर आतून चढला, अॅल्युमिनियम खाल्ले गेले.

पाण्याच्या या साऱ्या व्यवस्थेचा कस घाटात लागे. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत बोरघाट साडेपाचशे मीटरहून अधिक चढतो. चढावर वेग कमी म्हणून रेडिएटरमधून वारा कमी, आणि इंजिनावरचा भार सर्वांत जास्त. बॉनेट वर करून वाफ सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर नेहमी दिसत. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात बनलेल्या फियाटचे, म्हणजे पुढच्या पद्मिनीचे, इंजिन बिडाचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचे हेड याच जोडीचे. ती मुंबईची टॅक्सी होती आणि मुंबईची वाहतूक म्हणजे सपाटीवरचा घाटच. गाडी ‘हीट मारते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय गॅरेजांत सर्रास चाले. तापमानाचा काटा खाली येई, पण इंजिन थंडच चालत राहून झिजे आणि पेट्रोल जास्त पिई.

पाणी का घटते याच्या निदानाचा पाया साधा आहे: पाणी तीनच ठिकाणी जाऊ शकते, बाहेर, ऑइलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये. बाहेरचे आधी पाहायचे. होज पाइपच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे, पंपाच्या पोटाखालचे बारीक भोक (त्यातून थेंब आला तर आतले सील गेले), हीटर असलेल्या गाडीत पायाखालचा ओला गालिचा आणि गोडसर वास. गोड म्हणून जिभेवर घेऊन पाहणे जिवावर बेतू शकते. ग्लायकॉल विषारी आहे. इंजिन थंड असताना हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरून ठेवला आणि काटा खाली आला, तर कुठेतरी गळती आहेच. बाहेर कुठेच ओल नसेल तर ती आतली.

आतली गळती, म्हणजे बहुतेकदा हेड गॅस्केटची, मोठी फसवी असते. इंजिन चालू असताना सिलिंडरातला दाब मोठा, म्हणून वायू पाण्यात शिरतो: रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा होतो. इंजिन बंद केल्यावर उलटे घडते. उरलेल्या दाबाने पाणी सिलिंडरात झिरपते, म्हणून सकाळी पहिल्या क्षणी इंजिन अडखळते आणि सायलेन्सरमधून दाट पांढरी वाफ येते. त्या सिलिंडरचा स्पार्क प्लग इतरांपेक्षा स्वच्छ, धुतल्यासारखा निघतो. ऑइलच्या झाकणाखालचा दुधाळ थर पाहून मात्र पुष्कळ गाड्या नाहक उघडल्या गेल्या आहेत. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तो थर धरतो. खात्री करायची तर डिपस्टिकवरचे ऑइल पाहावे, कॉम्प्रेशन मोजावे, किंवा रेडिएटरच्या तोंडाची हवा निळ्या द्रवातून ओढावी. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा पडतो.

अॅस्बेस्टॉसचा धोका कळल्यावर त्याच्या जागी ग्रॅफाइट आले आणि 1990 च्या दशकात पोलादी पत्र्यांचे अनेक थर असलेली गॅस्केट पसरली. ती टिकाऊ आहे, पण पृष्ठाच्या बाबतीत नखरेल. जुनी जाड पॅकिंग हेडचे ओरखडे झाकून घेई. पोलादी थरांना आरशासारखे सपाट पृष्ठ लागते. त्यामुळे काचेवर पॉलिश पेपर ठेवून हेड घासण्याची जुनी कारागिरी मागे पडून हेड यंत्रावर फेसिंगला जाऊ लागले. कित्येक इंजिनांत हेडचे बोल्टही आवळताना मुद्दाम ताणले जातात, म्हणून उघडल्यावर ते टाकून नवे घ्यावे लागतात.