रेडिएटर फॅनचा रिले आणि अनोळखी कपलर कसे ओळखायचे?

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. अशा उन्हात गाडी उभी राहून इंजिन चालू असेल, तर रेडिएटरला हवा फक्त पंख्यातून मिळते. पंखा बंद पडला की कूलंट उकळते, हेड गॅस्केट जाते आणि खर्च मोठा होतो. स्पोर्ट्स कारमध्ये हा धोका जास्त, कारण बॉनेटखाली जागा कमी आणि उष्णता भरपूर असते. काही गाड्यांचे इंजिन तर सीटच्या मागे असते. २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत सादर झालेली डीसी अवंती ही अशीच भारतीय गाडी. तिला रेनॉचे २ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते.

कमी संख्येने बनलेल्या किंवा जुन्या गाडीचा वायरिंगचा नकाशा सहज मिळत नाही. बोरी अरबसारख्या गावात कंपनीचे सर्व्हिस सेंटरही हाताशी नसते. अशा वेळी मोकळा लोंबणारा कपलर किंवा नाव नसलेला रिले कशाचा, हे शोधावे लागते.

आकारावर विश्वास का ठेवू नये?

हॉर्न, हेडलाइट आणि पंखा यांचे रिले बाहेरून अगदी सारखे दिसू शकतात. कपलरचेही तसेच. शिवाय कंपन्या अनेकदा सर्व मॉडेलांसाठी एकच वायरिंग बनवतात. त्यामुळे फॉग लॅम्प नसलेल्या गाडीतही त्याचा कपलर सापडतो. त्यावर टोपी असेल आणि पिना कोऱ्या असतील, तर तो बहुधा कधी वापरलाच गेला नाही. पिनांवर घासल्याच्या खुणा असतील, तर वायर पोहोचेल तेवढ्या अंतरात त्याचा जोडीदार शोधावा.

रिलेवरचे आकडे काय सांगतात?

बहुतेक रिलेंवर जर्मन मानकातले आकडे असतात.

३० : बॅटरीकडून येणारा जाड वायरचा पुरवठा
८७ : पंख्याकडे जाणारी जाड वायर
८५ आणि ८६ : आतल्या कॉइलची दोन टोके, वायर बारीक
८७ए : रिले बंद असताना ३०शी जोडलेली पिन, ती काही रिलेंमध्येच असते

कॉइलला अँपियरच्या छोट्याशा भागाएवढाच प्रवाह लागतो, पण त्यावर २०-३० अँपियरचा पंखा सुरू होतो. अनेक गाड्यांत कॉइलच्या एका टोकाला चावी ऑन केल्यावर १२ व्होल्ट मिळतात आणि दुसरे टोक इसीयू अर्थ करतो.

तपासणीचा क्रम

१. इंजिन सुरू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा थोड्या वेळाने फिरतो. तेव्हा ज्या रिलेवर बोट ठेवल्यावर 'टक' जाणवते, तो पंख्याचा असू शकतो.
२. टक होते पण पंखा फिरत नाही, तर दोष फ्यूज, रिलेचे पॉइंट, मोटर किंवा अर्थमध्ये. टकच होत नसेल, तर कॉइल, सेन्सर किंवा त्यांच्या वायरी पाहाव्यात.
३. रिले काढून सॉकेटच्या ३० क्रमांकाच्या छिद्रात मल्टीमीटर लावावा. १२ व्होल्ट नसतील, तर आधी फ्यूज पाहावा.
४. रिलेचा सॉकेट वितळलेला असेल, तर नुसता रिले बदलून भागत नाही. सैल पिनेचा रोध ०.१ ओहम असला तरी २० अँपियरला तिथे ४० वॉट उष्णता तयार होते. म्हणजे नवा रिलेही जळणार.

दोन पंखे किंवा दोन वेग असलेल्या गाडीत दोन-तीन रिले मिळून काम करतात. तिथे एका रिलेवरून निष्कर्ष काढू नये.

कशाला हात लावू नये?

पिवळा कपलर किंवा पिवळ्या आवरणाची वायर बहुधा एअरबॅगची असते. तिथे मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावल्यास एअरबॅग फुटू शकते. हायब्रिड गाडीतली नारिंगी केबल उच्च दाबाची असते. इसीयूच्या वायरींवरही बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नये. पंखा चावी काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात दूर ठेवावा.

अनोळखी कपलरला 'चालतो का बघू' म्हणून थेट बॅटरीची वायर लावणे ही सर्वांत महागडी चूक. वायर कुठून येते, कुठे जाते आणि तिच्यात कधी व्होल्ट येतात, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय काहीही जोडू नये.