हमीपत्र आणि दोन वाटा

केवळ स्त्री म्हणून कोणास कमी वेतन देऊ नये, असे जपानच्या १९४७ च्या श्रममानक कायद्याने बजावले होते. भरती, बढती आणि निवृत्ती यांविषयी मात्र तो कायदा मौन पाळून होता. आमच्या मते खरी मेख तेथेच होती. मोठ्या कंपन्यांत वेतन सेवेच्या वर्षांगणिक वाढे. स्त्रीची सेवाच अल्प ठेवली, की वेतनाचा प्रश्न परस्पर मिटे! सुमितोमो सिमेंट कंपनी तर विवाह होताच किंवा वयाच्या ३० व्या वर्षी नोकरी सोडण्याचे हमीपत्र स्त्रियांकडून आधीच लिहून घेत असे. कामावरून काढलेल्या एका स्त्रीने दाद मागितली आणि १९६६ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने ती अट रद्दबातल ठरविली. निसान कंपनीत पुरुष ५५ व्या, तर स्त्रिया ५० व्या वर्षी निवृत्त होत. तो भेद सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये मोडीत काढला.

१९८५ मध्ये समान रोजगारसंधीचा कायदा झाला. भरती-बढतीत समानतेचा ‘प्रयत्न करावा’, एवढेच त्याने मालकांस सांगितले. सक्त मनाई १९९९ पासून लागू झाली. दरम्यान अनेक कंपन्यांनी दोन वाटा आखल्या होत्या : बढतीची ‘सोगोशोकु’ आणि कारकुनीची ‘इप्पानशोकु’. नियमांत स्त्री-पुरुष भेदाचा उच्चार नव्हता. पहिल्या वाटेस सहसा दूरच्या बदलीची अट असे, आणि मुलेबाळे व वृद्ध सांभाळणाऱ्या स्त्रीस ती कशी पेलावी? २०२२ मध्येही पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्रियांचे मध्यम वेतन पुरुषांच्या सुमारे ७९ टक्केच होते.